खाली गाड्या, वर चित्रं

पॅरिसमधलं ओर्सेचं संग्रहालय पाहायला जायचं तर गाडीनेच जावं. सेन नदीच्या डाव्या काठाला धरून आरईआर ‘सी’ ही लोकल धावते. तिचं ‘म्युझे दॉर्से’ नावाचं स्टेशन जमिनीखाली आहे आणि संग्रहालय त्याच्या डोक्यावर. मी ऑस्टरलित्झच्या बाजूने येणारी गाडी मुद्दाम धरली होती, कारण हा टप्पाच या इमारतीच्या जन्माचं कारण आहे. ‘स्टेशन बंद पडलं आणि त्याचं संग्रहालय झालं’ असं ओर्सेबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या गेल्या, लोकल राहिल्या. कामावर निघालेली माणसं आजही इथे चढतात-उतरतात आणि त्यांच्या डोक्यावर मोने, मिले, व्हॅन गॉग टांगलेले असतात. स्टेशनाला नवं आयुष्य देण्याचे जे प्रकार मी पाहिले किंवा वाचले, त्यांत मला हा सर्वांत जवळचा वाटतो तो याच कारणाने. इथे रेल्वेला पुरतं हाकलून दिलेलं नाही.

जिना चढून वर आलं की समोर चौक लागतो. तिथे सहा धिप्पाड ओतीव बायका ओळीने बसलेल्या आहेत. हे सहा खंड. १८७८च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या त्रोकादेरो राजवाड्यासमोरचे हे पुतळे. त्यांतली ‘आशिया’ शिल्पकार फाल्गिएरची. तिच्यासमोर मी थोडी रेंगाळले, पण तिकिटाची रांग वाढत होती. जवळच फ्रेमिएचा हत्ती आणि जॅकमारचा गेंडा आहे. तेही त्याच प्रदर्शनातले. शाळेची मुलं गेंड्याभोवती गोळा झाली होती.

रांगेत उभं राहण्याआधी मात्र नदीच्या बाजूला जाऊन दर्शनी भिंत नीट वाचावी. ही भिंत खरोखरच वाचायची आहे. दोन टोकांना दोन प्रचंड घड्याळं. वर तीन बसलेल्या स्त्रिया: बोर्दो, तुलूझ आणि नांत. इथून सुटणाऱ्या गाड्या ज्या शहरांना जात ती शहरं. ठिकठिकाणी दगडात कोरलेली ‘पी’ आणि ‘ओ’ ही अक्षरं पॅरिस-ओर्लेआं रेल्वे कंपनीची. गाडी कुठे जाते हे सांगणारी पाटी आणि वेळ सांगणारं घड्याळ, स्टेशनाच्या या दोन मूळ गरजांनाच इथे शिल्पाचा दर्जा मिळाला आहे. संग्रहालय करताना यातलं काहीही खरवडून काढलं नाही.

या जागेवर आधी एक राजवाडावजा सरकारी कचेरी होती. १८७१च्या पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत ती जळाली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तिचे काळवंडलेले अवशेष शहराच्या मध्यावर तसेच उभे राहिले. दरम्यान रेल्वे कंपनीला एक अडचण जाचत होती. तिच्या गाड्या ऑस्टरलित्झला संपत आणि ते स्टेशन शहराच्या एका कडेला पडे. १९००चं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं. कंपनीने ही भग्न जागा घेतली, नदीकाठाने जमिनीखालून मार्ग आणला आणि नव्या स्टेशनाचं काम व्हिक्टर लालू या वास्तुविशारदाला दिलं. तूर या गावचं स्टेशनही त्याचंच. दोन वर्षांत काम उरकलं आणि १४ जुलै १९०० रोजी स्टेशनाचं उद्घाटन झालं.

लालूची पंचाईत अशी होती की नदीपलीकडे समोरच लूव्र आणि त्युइलरीच्या बागा. त्या वैभवासमोर लोखंड आणि काच उघडी टाकणं शहरातल्या प्रतिष्ठितांना रुचलं नसतं. म्हणून त्याने लोखंडी सांगाड्याला बाहेरून दगडाचा झगा चढवला आणि दोन बाजूंना ३७० खोल्यांचं हॉटेल बसवलं. आतलं धातुकाम सुमारे १२,००० टनांचं, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षाही जास्त. काच ३५,००० चौरस मीटर. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. उद्घाटनाच्या वर्षीच एदुआर देताय नावाच्या चित्रकाराने लिहून ठेवलं होतं की हे स्टेशन कलेच्या महालासारखं दिसतं. ते बोलणं खरं व्हायला शहाऐंशी वर्षं लागली.

पण या सुबकपणाच्या मागे शुद्ध तंत्रज्ञान आहे. वाफेच्या इंजिनाला उंच, हवेशीर, धूर सोडणारं छप्पर लागतं. काजळी बसते, भिंती काळ्या पडतात. ओर्सेला येणाऱ्या गाड्या ऑस्टरलित्झपासून पुढे विजेच्या इंजिनाने ओढल्या जात. धूर नाही म्हणून बोगदा चालला, बंदिस्त दालन चाललं, छतावर नाजूक नक्षीची फुलं चालली, आणि त्याच छताखाली उंची हॉटेलसुद्धा चाललं. खाली सोळा रूळ, वर रस्त्याच्या पातळीवर तिकीटघरं आणि प्रतीक्षालयं, सामानासाठी उतरते मार्ग आणि मालवाहू लिफ्ट, माणसांसाठी वेगळ्या लिफ्ट. १९०० साली ही व्यवस्था अगदी ताजी होती. चित्रांच्या संग्रहालयालाही नेमकं हेच हवं असतं: धूर नको, उजेड हवा, उंची हवी. लालूला याची कल्पना असणं शक्य नव्हतं, तरी त्याने इमारत तशी करून ठेवली होती.

आत शिरलं की पहिला अनुभव खाली उतरण्याचा. पश्चिमेच्या दारातून आत येऊन आपण कठड्यापाशी उभे राहतो आणि समोर ते दालन एकदम उघडतं. १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद, ३२ मीटर उंच. वर काचेची कमान, आणि खोल खाली, पूर्वी जिथे रूळ होते त्या पट्ट्यात, पुतळ्यांची रांग. जिन्याने उतरताना आपण रस्त्याच्या पातळीवरून रुळांच्या पातळीवर जात असतो. १९०० सालचा प्रवासी असाच खाली उतरून गाडीत बसत असे. मुंबईत वाढलेल्या माणसाला स्टेशनात शिरताना पूल चढायची सवय असते, त्यामुळे असं उतरत जाणं पायांना नवं वाटतं. खालचा मधला मार्ग पूर्वेकडे हळूहळू चढत जातो. चढ इतका हलका आहे की तो पोटऱ्यांनाच आधी कळतो.

मग हे स्टेशन सोडून गाड्या गेल्या कशा? इमारत खचली नव्हती, प्रवासी घटले नव्हते. फलाट आखूड पडले. रेल्वेचं विद्युतीकरण जसजसं पसरलं तसतशा गाड्या लांब होत गेल्या आणि ओर्सेच्या फलाटांवर त्या मावेनात. वाढवायचं म्हटलं तर नदी, रस्ता आणि घरं यांच्या कचाट्यात जागा उरलेली नव्हती. १९३९पासून इथे फक्त उपनगरी गाड्या येऊ लागल्या. ज्या विजेने या स्टेशनाला जन्म दिला त्याच विजेने चाळीस वर्षांच्या आत त्याला कालबाह्य केलं. वास्तुकलेच्या इतिहासात या गोष्टीला फार जागा मिळत नाही, पण माझ्या मते ओर्सेची सगळी कहाणी त्या काही मीटरांत आहे.

त्यानंतरची चार दशकं या एवढ्या मोठ्या वास्तूने मिळेल ते काम केलं. युद्धकाळात युद्धकैद्यांना पाठवायची पार्सलं इथून जात. १९४५च्या एप्रिल ते ऑगस्टमध्ये छळछावण्यांतून आणि कैदेतून सुटलेली माणसं इथेच उतरली. त्यांची नोंद, तपासणी, चौकशी याच दालनात झाली. मार्गरित द्युरास ही लेखिका तेव्हा इथे बेपत्ता माणसांची माहिती गोळा करत होती आणि स्वतःच्या नवऱ्याच्या बातमीची वाट पाहत होती. त्या दिवसांवरचं तिचं ‘ला दूलर’ हे पुस्तक पुढे १९८५ साली आलं. १९५८च्या मे महिन्यात द गॉल यांनी याच इमारतीतल्या हॉटेलात पत्रकार परिषद घेऊन देशाची सूत्रं हाती घ्यायला आपण तयार असल्याचं सांगितलं. ऑर्सन वेल्सने काफ्काच्या कादंबरीवरच्या ‘द ट्रायल’ या १९६२च्या चित्रपटाचं चित्रण या ओसाड दालनांत केलं. सत्तरच्या दशकात इथे रनो-बारोल नाटक मंडळीने आपला रंगमंच थाटला, आणि एका लिलावघराची स्वतःची इमारत नव्याने बांधली जात असताना त्याचे लिलावही इथेच चालले.

पाडापाडीची परवानगी १९७० साली मिळालेलीच होती. जागेवर नवं भव्य हॉटेल येणार होतं. ओर्से वाचलं ते दुसऱ्या एका वास्तूच्या मरणामुळे. १९७१ साली पॅरिसच्या मध्यवर्ती बाजारातले बाल्तारने बांधलेले लोखंडी मंडप पाडायला सुरुवात झाली आणि शहर हादरलं. एकोणिसाव्या शतकातलं लोखंडी बांधकाम म्हणजे अडगळ, ही समजूत त्या पाडकामाने मोडली. सांस्कृतिक मंत्री झाक द्युआमेल यांनी नव्या हॉटेलाचा आराखडा नाकारला. १९७३ साली स्टेशन वारसा वास्तूंच्या पूरक यादीत गेलं, १९७७ साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या काळात संग्रहालयाचा निर्णय झाला, आणि १९७८ साली इमारतीला पूर्ण संरक्षण मिळालं. मधल्या दालनात उभी राहून वर पाहताना मला त्या पाडलेल्या मंडपांची सारखी आठवण होत होती. मी ते कधी पाहिले नाहीत. पाहणं आता शक्यही नाही.

पुढचा प्रश्न सर्वांत अवघड होता. एवढ्या अजस्र पोकळीत चित्रं लावायची कशी? आगगाडीसाठी बांधलेल्या दालनात दोन हात उंचीचं चित्र टांगलं तर ते हरवून जातं. १९७९ची स्पर्धा एसीटी या संस्थेच्या बार्दोन, कोलबोक आणि फिलिपों या तीन वास्तुविशारदांनी जिंकली. रुळांची दिशा हाच संग्रहालयाचा कणा, असं त्यांनी ठरवलं. मधला मार्ग मोकळा ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी छोटी दालनं उभी केली. त्या दालनांच्या माथ्यावर गच्च्या, त्या गच्च्यांवर पुन्हा शिल्पं. आतल्या रचनेचं काम १९८० साली इटालियन वास्तुविशारद गाए आउलेंती यांच्याकडे आलं. आधुनिक इमारतींच्या जगात एवढं मोठं काम एका बाईच्या हाती येणं तेव्हा दुर्मीळ होतं, आणि त्यांच्यावर झालेल्या टीकेची धार पाहता तेही कुठेतरी आड आलं असावं असं मला वाटतं.

आउलेंतींनी फरशी आणि भिंती या दोन्हींना बर्गंडीतल्या ब्यूक्सीचा फिकट, बदामी दगड वापरला आणि पूर्वेच्या टोकाला दोन जड मनोरे उभे केले. १९८६च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. हे थडगं आहे, इजिप्तचं देऊळ आहे, लालूचं हलकं दालन या दगडाखाली गुदमरलं, असं बोललं गेलं. मी दोन्ही बाजूंच्या दालनांत शिरून, बाहेर येऊन, गच्चीवर जाऊन हे सगळं ताडून पाहिलं. टीकेत तथ्य आहे. मनोऱ्यांपाशी उभं राहिलं की स्टेशनाची दूरवरची भिंत झाकली जाते, नजर अडते, आणि इथून एके काळी गाडी बोगद्यात शिरत होती हे कळायला मार्ग राहत नाही. स्टेशनात दृष्टी पुढे पळायला हवी.

पण बाजूच्या दालनांबद्दल मात्र मी आउलेंतींच्या बाजूने भांडेन. मिलेचं ‘द ग्लीनर्स’ हे १८५७चं चित्र फार मोठं नाही. कापणीनंतर शेतात सांडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बाया त्यात वाकलेल्या आहेत. सरवा वेचणं आपल्या खेड्यांतही आहे, त्यामुळे त्या कंबरेतला ताण मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. हे चित्र त्या ३२ मीटर उंच कमानीखाली उघड्यावर लावलं असतं तर ते पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं असतं. दगडी दालनाच्या मापात ते माणसाच्या मापाचं राहतं. मग दोन पावलं मागे येऊन आपण पुन्हा त्या अफाट उजेडात येतो. जवळचं आणि दूरचं अशी ही अदलाबदल इथे सतत चालते. दालनाच्या पूर्व टोकाला जमिनीत काच बसवून तिच्याखाली पॅरिसच्या ऑपेराभोवतालच्या वस्तीची लहान प्रतिकृती ठेवली आहे. त्या काचेवरून चालताना माणसं पाय जपून टाकतात.

सर्वांत वर, छताच्या पोटात, इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचा मजला आहे. ही चित्रं १९८६पर्यंत नदीपलीकडच्या ज्यू द पोम या छोट्या वास्तूत दाटीवाटीने होती. हा मजला २०११ साली विल्मोत या वास्तुविशारदाने पुन्हा नव्याने मांडला. आधीच्या पांढऱ्या भिंती जाऊन गडद राखी भिंती आल्या. पांढऱ्या भिंतीवर चित्रातला उजेड भिंतीशी झगडतो, गडद भिंतीवर तो चित्रातच राहतो. बसायला जपानी कलाकार तोकुजिन योशिओका यांनी केलेले काचेचे बाक आहेत, पाण्याचे ठोकळे कापून ठेवावेत तसे. जवळच्या उपाहारगृहात घड्याळाच्या मागे बसून माणसं फोटो काढत होती. काट्यांच्या आरपार मोंमार्त्रची टेकडी आणि पांढरं साक्रे-कर दिसत होतं.

मी ज्यासाठी आले होते ते चित्र याच मजल्यावर: मोनेचं १८७७चं ‘सां-लाझार स्टेशन’. त्रिकोणी काचेचं छप्पर, खाली येणारं इंजिन, आणि सगळीकडे निळसर वाफ. त्या वर्षीच्या इम्प्रेशनिस्टांच्या तिसऱ्या प्रदर्शनात मोनेने या स्टेशनाची सात चित्रं मांडली होती. या चित्राची वाटही वाकडी आहे. ते गुस्ताव कायबोत या श्रीमंत चित्रकार मित्राच्या संग्रहात होतं. १८९४ साली तो गेला तेव्हा त्याने संपूर्ण संग्रह सरकारला देऊन टाकला होता, आणि सरकारने बरीच खळखळ करून त्यातला काही भागच स्वीकारला. नशिबाने हे चित्र त्या भागात होतं. मोनेच्या स्टेशनात धूर हाच नायक आहे. ज्या स्टेशनात आता ते टांगलेलं आहे तिथे धूर कधी आलाच नाही. तेवीस वर्षांत रेल्वे किती बदलली हे या एका भिंतीपाशी जितकं कळलं तितकं मला कुठल्याही रेल्वे संग्रहालयात कळलं नव्हतं.

आणि इथेच माझी एक तक्रारही आहे. ओर्सेत १८४८ ते १९१४ या काळातली कला आहे आणि ती अप्रतिम आहे. संग्रहालय आखलं जात असताना माद्लेन रेबेरियू या इतिहासकार बाईंनी कामगार, शहर, यंत्र, वर्तमानपत्र यांचा इतिहासही इथे आला पाहिजे असा आग्रह धरला होता. पण इमारतीची स्वतःची गोष्ट मला आत शोधून काढावी लागली. १९४५ साली परतलेल्या माणसांसाठी बाहेरच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे. मी ती वाचत असताना लोक तिच्यासमोरून झपाझप जात होते. भिंतीआडच्या त्याच दालनात खंगलेली माणसं रांगेत उभी होती, आपलं नाव सांगत होती, कुणी भेटायला आलंय का ते पाहत होती. तेवढ्यासाठी आत एखादी खोली द्यायला काय हरकत होती? इमारत वाचवताना आपण फार लवकर तिचं सौंदर्य वाचवतो आणि तिच्यातून गेलेली माणसं बाहेर ठेवतो.

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या सगळ्या वेळात माझ्या मनात होतंच. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ती वास्तू १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेली. तिच्यावरचे मोर, माकडं, पानं-फुलं घडवण्यात जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. तिचंही संग्रहालय करावं अशी कल्पना काही वर्षांपूर्वी पुढे आली होती. ओर्से पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: कचेऱ्या हलवल्या तर चालेल, गाड्यांना हात लावू नये. ओर्सेला फलाट लांबवता आले नाहीत म्हणून तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्या गेल्या. बोरीबंदरच्या या टर्मिनसला ते करता आलं. २०२४ साली ३६ तासांचा ब्लॉक घेऊन दहा आणि अकरा नंबरचे फलाट चोवीस डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवण्याचं काम झालं. प्रवाशांचे हाल झाले, पण स्टेशन स्टेशन राहिलं. भायखळ्याचंही तसंच. तिथली दगडी इमारत मूळ रूपात आणली गेली, तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि लोक तिच्यातून आधीसारखेच लोकल पकडतात.

तरीही टर्मिनसच्या एखाद्या दालनात पाहुण्यांसाठी जागा व्हावीच, आणि तिथे फक्त घुमट आणि कमानींचे फोटो नकोत. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी तिथे असावी, गावाहून ट्रंक घेऊन उतरलेले गिरणी कामगार असावेत, डबेवाले असावेत. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याची रात्र असावी. लांबच्या गाड्यांची वाट पाहणारी किती माणसं त्या रात्री तिथे मेली, आणि वरच्या केबिनमधून सगळं दिसत असताना एक उद्घोषक माइक न सोडता प्रवाशांना बाहेर पडायची सुरक्षित वाट कशी सांगत राहिला, हे तिकीट काढायला आलेल्या प्रत्येकाला तिथे वाचता आलं पाहिजे.